हन्नाने काढलेला वेल

हन्नाच्या हातून एकच चित्र चुकलं, आणि खरं सांगायचं तर तेही चुकलेलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, हे काय कोडं घालताय राव? कोडंबिडं काही नाही. त्या चित्रातलं पान न पान खरं होतं, शीर न शीर खरी होती, आणि त्याच चित्राने तिची अकरा वर्षांची पोर खाल्ली. पोर मातीत गेली तरी चित्र पाच शाळांच्या भिंतींवर लटकतच होतं. दुसऱ्या कुणाची लेक त्याच्याखाली उभी राहून शिकायच्या आत ते उतरवायचं, नाहीतर दुरुस्त करायचं, एवढं एकच काम हन्नाच्या जिवाला उरलं होतं. ते तिने कसं केलं आणि त्याची काय किंमत दिली, ते सांगतो.

नवापूरपासून चार कोसांवर, रंगावली नदीच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचा पाडा. ती सहा वर्षांची असताना छप्पन्याचा, म्हणजे संवत १९५६चा, मोठा दुष्काळ पडला आणि त्यात बाप गेला. पण आई, मोगराबाई, हातपाय गाळून बसणाऱ्यातली नव्हती. खणायची काठी खांद्यावर टाकून ती रानात जायची आणि पोरीला कंदांवर जगवायची. कुठला कंद नुसता भाजून खायचा, कुठला चिरून, राख लावून तीन दिवस वाहत्या पाण्यात ठेवायचा आणि कुठल्याला बोटसुद्धा लावायचं नाही, हे तिला तोंडपाठ होतं. तेवढ्या विद्येवर दोघी तगल्या.

पुढे मिशनने धान्य दिलं, आसरा दिला, आणि मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पोरीचं नाव हन्ना झालं. मोगराबाई दर रविवारी मिशनच्या देवळात जाऊन गुडघे टेकायची, पण आषाढ आला की तिचं जुनं मन जागं व्हायचं. तिकडची रीत अशी, की पाऊस पडून रान हिरवं झालं की सगळ्या गावाने मिळून हिरव्या देवाची पूजा करायची, आणि पूजा होईपर्यंत नव्या हिरव्याला कुणी हात लावायचा नाही. नवी भाजी खुडायची नाही, नवं पान तोडायचं नाही, वेल मोडायचा नाही. यावरून पाद्री रागावला तर मोगराबाई म्हणायची, "येशू माझा बाप आहे, हिरवा देव माझा शेजारी. बाप मिळाला म्हणून शेजाऱ्याशी भांडण काढू का?"

मिशनच्या आवारात मुलींचं बोर्डिंग होतं, आणि तिथे शिवण शिकवायला एक परदेशी बाई आली होती. आल्मा मडम. उंच, हाडकुळी, उन्हाने लाल झालेली. शिवणात तिचा जीव रमत नसे, तिला वेड झाडापानांचं. हन्ना बारा वर्षांची झाल्यावर मडमने तिला बंगल्यावर कामाला घेतलं. काम काय, तर आणलेली रोपं टिपकागदात दाबून वर दगड ठेवायचे. पोर दाबायच्या आधी प्रत्येक रोप उलटंपालटं करून बघत बसते, हे मडमच्या नजरेतून सुटलं नाही. एक दिवस तिने पळसाची डहाळी हन्नापुढे ठेवली.

"काय दिसतं?"

"पळस."

"पानं किती?"

"पळसाला पानं तीनच, मडम. हे काय विचारणं झालं?"

"तिन्ही सारखी आहेत?"

हन्ना हो म्हणणार होती, तेवढ्यात थांबली. मधलं पान दोन्ही अंगांनी सारखं होतं, कडेची दोन मात्र एकेका बाजूला फुगलेली होती. जन्मभर पळसाच्या पत्रावळीवर जेवलेली पोर, पण हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती दिवसभर पळसाची पानं गोळा करून ताडून बघत राहिली. संध्याकाळी येऊन म्हणाली, "सगळ्या पळसांची तशीच आहेत." मडम हसली आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली.

शिकवणी म्हणजे काय, दोन महिने हातात कुंचला नाहीच! नुसतं बघायचं आणि तोंडाने सांगायचं. मग शिसपेन्सिल आली. मोजायला गवताची काडी, कारण पान जेवढं असेल तेवढंच कागदावर आलं पाहिजे, तांदळाच्या दाण्याइतकंही लहानमोठं नाही. रंगाच्या पेटीत हिरवा रंगच नव्हता. निळ्यात पिवळा घालून ज्या त्या झाडाचा हिरवा ज्याचा त्याने बनवायचा. सागाचा वेगळा, मोहाचा वेगळा, आणि त्याच मोहाचा कोवळेपणी आणखी वेगळा. हन्ना आधी डाव्या हाताच्या मागच्या बाजूवर रंग लावून बघायची, त्यामुळे बोर्डिंगातल्या पोरी तिला हिरवी म्हणून चिडवायच्या. चिडवोत बापड्या, तिला कुठे ऐकायला वेळ होता!

कुड्याचं फूल पांढरं, कागदही पांढरा. ते फूल काढताना तिने सात कागद फुकट घालवले. सुरतेहून गाडीने येणारा महागाचा कागद, मडम ओठ आवळून बसली. आठव्याला हन्नाला आपलंआपण कळलं, की फुलाला रंग लावायचाच नाही. मागच्या पानाचा हिरवा गडद केला की फूल स्वतः पुढे येतं. मडमने ते चित्र खिडकीपाशी नेऊन खूप वेळ पाहिलं, आणि स्वतःचा सगळ्यात चांगला कुंचला हन्नाच्या हातात दिला. त्या दिवसापासून बंगल्यावरची चित्रं हन्नाच काढू लागली. ती विलायतेला जायची तेव्हा खाली नाव मडमचं असायचं. हन्नाला त्याचं वाईट वाटत नसे. मला वाटतं, ती गोष्ट वेगळी.

मडमचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. समोर आहे ते काढायचं, मनातलं काढायचं नाही. पानाला किडीने भोक पाडलेलं असेल तर भोक काढ. पाकळी गळाली असेल तर गळालेलीच काढ. "तुला काय ठाऊक आहे ते कागदाला सांगू नकोस, हन्ना. तुला काय दिसतं ते सांग." हन्नाला हा नियम भारी आवडायचा. हट्टी पोरगी होती, तिने तो अंगात मुरवून घेतला.

आता त्या चित्राकडे येतो. छप्पन्या अजून कुणी विसरलं नव्हतं. मडमच्या मनात आलं, की रानातल्या खाण्याजोग्या बारा वनस्पतींचा एक मोठा तक्ता करावा, सुरतेला छापून घ्यावा आणि आसपासच्या शाळांत लावावा. पुन्हा तशी वेळ आली तर पोरं उपाशी मरायची नाहीत. विचार लाखमोलाचा होता. अकरा चित्रं झाली. बारावा राहिला तो भाजून खायचा गोड कंद, ज्याच्या वेलाला एका देठाला पाच पानं असतात. सोमवारच्या गाडीने सगळं सुरतेला जायचं होतं, आणि त्या वर्षी पाऊस उशिरा आला म्हणून पुजाऱ्याने हिरव्या देवाचा दिवस पुढे ढकलला होता.

"आई, एक वेल आणून दे ना," हन्ना म्हणाली.

"पूजा होऊ दे. त्याआधी मी काडीसुद्धा मोडणार नाही, आणि तूही मोडायची नाहीस."

"सोमवारी गाडी आहे!"

"गाडीला सांग, हिरवा देव तुझ्या आधीपासून इथे आहे."

हन्नाने स्वतः मोडला असता तर तिला कोण अडवणार होतं? पण आईचं मन मोडवेना. शेवटी मोगराबाईला वाटेत वाऱ्याने तुटून पडलेला त्याच वेलाचा शेंडा सापडला. पडलेलं उचलायला देवाची मनाई नाही. तो तिने पदरात झाकून आणला. आता या वेलाची खोड अशी, की खाली पाच पानं असली तरी अगदी शेंड्याला एका देठाला तीनच असतात. हन्नाने शेंडा टेबलावर ठेवला आणि मडमला सांगितलं, "खाली याला पाच असतात."

"इथे किती आहेत?"

"तीन."

"मग?"

हन्नाने तीन काढली. काय काढली म्हणून सांगू! शेंड्याचा कोवळा तांबूसपणा, देठावरचे बारीक काटे, सगळं. तिने चित्र आईला दाखवलं. मोगराबाईने बघून मान डोलावली आणि म्हणाली, "छान आहे गं. पण हा काढलास कोणासाठी? आपल्यात हा वेल कोणाला ठाऊक नाही?" दोघी हसल्या. खरंच होतं ते. त्या डोंगरात चार वर्षांचं पोरही पाच पानांचा गोड आणि तीन पानांचा विषारी हे सांगायचं. चित्र बघून कंद ओळखण्याइतकं अडाणी तिथे होतंच कोण?

ते अडाणी लेकरू दोन वर्षांनी हन्नाच्याच पोटी आलं.

हन्नाचं लग्न जेठ्याशी झालं होतं. जंगलात लाकूडतोडीला जाणारा, कमी बोलणारा, बरा माणूस. पोरगी सोमवारी झाली म्हणून आजीने तिचं नाव सोमी ठेवलं. ती तीन वर्षांची असताना मानमोडीच्या तापाची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. आठवड्यात मोगराबाई गेली, तिच्या पाठोपाठ जेठ्या. हन्ना पोरीला पाठीला बांधून बंगल्यावर जात राहिली, आणि सोमी पाच वर्षांची झाल्यावर तिला आवारातल्या बोर्डिंगात घातली. पोटाला मिळेल, चार अक्षरं शिकेल. कुठल्या आईने वेगळं केलं असतं?

बोर्डिंगातल्या पोरींना घंटा कळायची, पाढे कळायचे, रान कळायचं नाही. रानात त्यांना नेणार कोण? ज्या वयात हन्ना आईच्या मागे खणत हिंडली, त्या वयात सोमी व्हरांड्यातल्या तक्त्याखाली उभी राहून शिकली. तो तक्ता तिचा भारी लाडका. नवी पोरगी आली की तिला हाताला धरून न्यायची आणि सांगायची, "हे सगळं माझ्या आईने काढलंय. एकेक पान मोजून काढलंय." आणि हे ऐकून हन्नाची छाती फुगायची. फुगणारच की हो, माणूसच होती ती.

सोमी अकरा वर्षांची असताना भाद्रपदात बोर्डिंगात डोळ्यांची साथ आली. बऱ्या असलेल्या मुलींना आठ दिवस घरी धाडलं. त्या वर्षी पाऊस मधेच दडी मारून बसलेला, कणगीने तळ गाठलेला, नवं पीक अजून महिनाभर लांब. मायलेकी एका वेळच्या पेजेवर होत्या. तेवढ्यात बंगल्यावर कुणीतरी एक आमरी मुळासकट आणून दिली. जमिनीतून येणारं, वर्षातून चार दिवस दिसणारं पांढरं फूल. ते सकाळच्या उजेडातच काढायला हवं होतं आणि दुसऱ्या दिवशी मान टाकणार होतं. बंगला पाड्यापासून दीड कोस. हन्नाने तिथेच मुक्काम करायचं ठरवलं.

"जाऊ ना गं सोमी?"

"जा की! मी काय लहान आहे? भिकुबाईकडे झोपेन."

भिकुबाई म्हणजे शेजारची म्हातारी. सकाळी ती निंदणीला गेली. सोमीने आजीची खणायची काठी काढली आणि डोंगराच्या पायथ्याला गेली. आई उपाशी येईल, तिच्यासाठी काहीतरी करून ठेवू, एवढंच तिच्या मनात होतं.

हन्ना दुपारी घरी आली ती खुशीत. आमरी सुरेख उतरली होती. दारात पाऊल टाकलं तर पोर जमिनीवर आडवी पडलेली, ओठ सुजलेले, तोंडातून लाळ, डोळे एका जागी ठरत नव्हते.

"आई, तुझ्यासाठी ठेवलाय," सोमी म्हणाली. जीभ जड झाली होती तिची. "टोपलीखाली. मोठा ठेवलाय. भाजलाय."

"काय भाजलंस? सोमी, कुठला कंद?"

"तुझ्या चित्रातला. पानं मोजली मी. तीनच होती, सगळीकडे तीन. चित्रातल्यासारखी."

हन्नाने टोपली उचलली. भाजलेला कंद, आणि शेजारी ओळख म्हणून जपून ठेवलेला वेलाचा तुकडा. तिची किंकाळी ऐकून बाया शेतातून धावत आल्या. भिकुबाईने वेल बघितला मात्र, कपाळ बडवून घेतलं. "अगं, हा तीन पानांचा! हा तर आम्ही तीन दिवस पाण्यात ठेवूनही भीत भीत खातो! हिला कोणी सांगितलं नाही का गं?"

चिंचेचं पाणी पाजलं, ताक पाजलं, बोट घालून ओकवलं. कुणीतरी बैलगाडी जुंपली. नवापुरात डॉक्टर होता. वाटेत सोमीला झटके येऊ लागले. गाडी रंगावलीच्या उतारावर पोचली तेव्हा ती आईच्या मांडीवर गप्प झाली. गाडीवान बैल हाकतच होता, हन्नाने त्याला थांबवलं नाही. नदी ओलांडून पलीकडे गेल्यावर ती म्हणाली, "वळव आता."

मातीच्या दिवशी आल्मा मडम पाड्यावर आली. पांढरीफटक झाली होती. हन्नाचे हात हातात घेऊन ती म्हणाली, "चित्र तर बरोबर होतं, हन्ना. तू बरोबर काढलं होतंस."

"हो मडम," हन्ना म्हणाली. "बरोबर काढलं होतं."

चूक असती तर निदान माफी तरी मागता आली असती! कुणाकडे मागायची आणि कशाची? मेलेल्या आईकडे, तिने देवाची रीत पाळली म्हणून? मडमकडे, तिने खरं काढायला शिकवलं म्हणून? हन्नाने सगळं स्वतःच्या पदरात घेतलं. तिने कुंचले धुऊन मडमच्या टेबलावर ठेवले आणि बंगल्यावर जाणं सोडलं. मजुरीला जायची, यायची, कुणाशी बोलायची नाही. त्या हिवाळ्यात मडमला दम लागू लागला आणि ती कायमची मायदेशी गेली. जाताना रंगाची पेटी आणि उरलेले कागद हन्नाच्या घरी धाडले, आणि तक्ते उतरवायला सांगते म्हणाली. सांगितलं की नाही देव जाणे. तक्ते उतरले नाहीत.

पुढच्या आषाढात हन्ना गवताचा भारा द्यायला आवारात गेली होती. व्हरांड्यात दोन लहान पोरी तक्त्याखाली उभ्या होत्या. एक बोट ठेवून दुसरीला शिकवत होती, "हा बघ, तीन पानांचा. हा भाजून खायचा." हन्नाने भारा तिथेच टाकला आणि तक्त्याला हात घातला. खिळा निघेना. तेवढ्यात सुकलाल मास्तर धावत आला. नंदुरबारकडचा माणूस, वर्गात पुस्तकी बोलायचा पण घाबरला की घरची बोली बाहेर यायची.

"ओ बाई, हाई काय करी ऱ्हायनात? हाई यादीमा शे! साहेब तपासनीले उना ते मी त्याले काय दखाडू? मन्ही नोकरी जाई!" तक्ता शाळेच्या यादीत होता, साहेब तपासणीला आला की तो दाखवावा लागायचा.

"मास्तर, माझी सोमी गेली ती या चित्राने."

हजेरीपटावरचं सोमीचं नाव सुकलालनेच लाल रेघेने कापलं होतं. पोर कंद खाऊन गेली एवढंच त्याने ऐकलं होतं, हे नव्हतं ऐकलं. तो खाली पायरीवर बसला.

"मंग फाडा बाई," तो हळूच म्हणाला. "मी सांगसू, वारानी फाडं."

"एक फाडून काय होतं? आणखी चार आहेत. आणि पोरींना रान शिकवायला कोण आहे इथे? फाडत नाही. पुरं करते."

पुरं करायचं म्हणजे त्या शेंड्याखाली अख्खा वेल काढायचा, मुळापासून वरपर्यंत, पाच पानं कुठे आणि तीन कुठे ते दिसेल असा. आणि शेजारच्या मोकळ्या जागेत तो दुसरा, तीन पानांचा. तोही मुळापासून.

हन्नाने घरी जाऊन पेटी उघडली. पण या खेपेला तिने रोप टेबलावर मागवलं नाही. गुडघ्यावर फळी घेऊन ती स्वतः रानात, वेलापुढे जाऊन बसली. अजून पूजा व्हायची होती. तिने एक पान मोडलं नाही, एक काडी हलवली नाही, आणि वेल मुळाच्या मातीपासून शेंड्यापर्यंत कागदावर आला. तेव्हा तिला कळलं आणि ती तिथेच चिखलात ऊर बडवून रडली. बसून काढायला मोडावं लागतच नाही! त्या वर्षी आईची रीतही राहिली असती आणि मडमचा नियमही राहिला असता. फक्त उठून अर्धा कोस चालत जायचं होतं. झाड आपल्याकडे येतं, आपण झाडाकडे जायचं नसतं, ही बंगल्याची सवय, ती तिच्या अंगाला लागली होती. एवढ्याशा सवयीने घात केला.

तीन पानांच्या वेलासाठी ती सोमीने कंद खणला होता त्याच खड्ड्यापाशी गेली. खड्ड्याच्या कडा पावसाने ढासळल्या होत्या, आणि आत राहिलेल्या कंदाच्या तुकड्यातून वेल पुन्हा तरारून वर आला होता. पहिल्या दिवशी तिला बघवलंच नाही, ती परत आली. दुसऱ्या दिवशी तिने त्या वेलाला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, दगड मारले. तिसऱ्या दिवशी ती बसली आणि काढू लागली. पूजेनंतर तिने माती उकरून कंद उघडा केला. त्याच्यावरचे दोऱ्यासारखे तंतू, कापल्यावर दिसणारा पिवळसर गर, पानाच्या मधल्या शिरेचा फुगीरपणा, देठावरची लव, काही म्हणजे काही सोडलं नाही. ज्याने लेक नेली त्याच्याकडे तिने इतकं निरखून पाहिलं, जितकं कधी लेकीकडेही बघितलं नसेल. सांगताना माझी जीभ जड होते, पण तिने जन्मभरात काढलेल्या चित्रांमध्ये ते सगळ्यात सुंदर झालं.

पाचही तक्ते पुरे व्हायला दोन पावसाळे गेले. डोक्यावर फळी, फडक्यात भाकर, अशी ती शाळा शाळा चालत गेली. पहिल्या तक्त्यावर काम संपलं तेव्हा सुकलाल मास्तर बोरू घेऊन आला. अक्षर त्याचं मोत्यासारखं होतं.

"नाव काय लिहू, बाई? या विषारीचं?"

प्रत्येक पाड्यावर त्याला वेगळं नाव होतं. एकाचं लिहावं तर दुसऱ्याला कळायचं नाही. हन्ना म्हणाली, "नाव नको. 'हा खाऊ नये' एवढंच लिहा." मास्तरने तेवढंच लिहिलं.

पण पोरांना नाव लागतं. कशामुळे काय झालं हे एव्हाना सगळीकडे पसरलं होतं. पहिल्यांदा "सोमीचा कंद" झालं, मग नुसतं "सोमी". "ती बघ सोमी." "सोमीला शिवू नको." वर्षभरात पाची शाळांत आणि तिथून पाड्यापाड्यांवर तेच नाव झालं. हन्नाच्या कानावर आलं तेव्हा ती पेटत्या डोळ्यांनी मास्तरकडे गेली.

"माझ्या लेकीचं नाव विषाला दिलंत? हेच शिकवता तुम्ही?"

सुकलालने खाली मान घातली. "मी नाही दिलं, बाई. पोरांनी दिलं. तुम्ही म्हणाल तर उद्यापासून छडी मारून बंद करतो. पण एक सांगू? या दोन वर्षांत एकाही पोराने त्याला हात लावलेला नाही. 'खाऊ नये' वाचून पोरं विसरतात. सोमी म्हटलं की विसरत नाहीत."

हन्नाने व्हरांड्यातल्या तक्त्याकडे पाहिलं.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि निघून गेली.

पुढे ती पंधरा-वीस वर्षं जगली. रानातली चित्रं काढत राहिली, जमिनीवर बसून, रोप न मोडता. कुणी मागितली तर द्यायची. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या टेकडीवरून तिच्या लेकीच्या नावाची हाक यायची, कधी भीतीने, कधी दटावून. पहिली काही वर्षं हन्ना हातातलं काम टाकून घरात जाऊन बसायची.

बेचाळीस-त्रेचाळीस साल असेल. पाठीत वाकलेली हन्ना नदीवर कपडे धूत होती. पलीकडच्या बांधावर एक लहान मुलगी वेल ओढत होती, आणि तिची आई लांबून ओरडत होती, पण पाण्याच्या आवाजात पोरीला ऐकू जात नव्हतं. हन्ना कपडे तसेच टाकून, दगडांना धरत धरत पाण्यातून पलीकडे गेली आणि पोरीजवळ बसली.

"पानं मोज, बाय. एका देठाला किती?"

"तीन."

"अगदी खालच्या देठालाही बघ."

पोरीने वाकून बघितलं. "तिथेपण तीन."

"मग सोमी आहे ही," हन्ना म्हणाली. "टाक, आणि हात धू."